प्रश्न विचारता येतील असा प्रोफेसर

आपल्या मासिकात दरवर्षी थोरामोठ्यांची चरित्रं येतात. विश्वेश्वरय्या येतात, कलाम सर येतात, टाटा येतात. यंदा मी ज्यांच्यावर लिहितोय ते नाव बहुतेकांना आडनावापुरतंच माहीत असेल. कर्वे म्हटलं की महर्षी कर्वे आठवतात. मी लिहितोय त्यांच्या थोरल्या मुलावर, रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजेच र. धों. कर्वे यांच्यावर. ते गणिताचे प्रोफेसर होते, पण लोकांच्या लक्षात राहिले (आणि लोकांच्या रागालाही कारण झाले) ते भलत्याच विषयामुळे. तो विषय म्हणजे कामजीवन.

हा विषय मासिकात कशाला, असं काही जण म्हणतील. त्यांनी एकदा हिंगोलीहून परभणीकडे किंवा वाशीमकडे जाताना एस.टी.च्या खिडकीतून बाहेर बघावं. कंपाउंडच्या भिंती, पुलाचे कठडे, बंद पडलेल्या जिनिंगच्या मागच्या बाजू... सगळीकडे चुन्यावर निळ्या-लाल अक्षरांत 'गुप्तरोग', 'मर्दाना कमजोरी', 'एका कोर्समध्ये गॅरंटी' असं रंगवलेलं असतं. म्हणजे विषय भिंतीवर चालतो, फक्त पुस्तकात चालत नाही. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत बायॉलॉजीचा प्रजननाचा धडा आला की टीचर म्हणायच्या, हा चॅप्टर घरी वाचून घ्या. घरी कोण वाचणार आणि कोणाला विचारणार? ही पोकळी भिंतीवरचे डॉक्टर भरून काढतात. र. धों. नी हीच पोकळी शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती.

घर

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. गाव कोकणातलं मुरूड. आई राधाबाई १८९१ मध्ये गेल्या तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. त्याच वर्षी वडील, धोंडो केशव कर्वे, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. आज आपल्याला यात काही वाटत नाही, पण त्या काळात मुरूडकरांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार टाकला. अकरा वर्षांच्या मुलाने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. आपल्याला योग्य वाटतं ते केलं की लोक तुटतात, आणि तरीही ते करता येतं, हा धडा घरातच मिळाला.

वडिलांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. मुलगा अभ्यासात हुशार. १८९९ च्या मॅट्रिकला पहिला आला, फर्ग्युसनमधून बी.ए. झाला आणि वडिलांसारखाच गणिताचा शिक्षक झाला. बापलेक दोघंही गणिताचे, दोघंही स्त्रियांच्या बाजूचे. पण फरक मोठा होता. वडील विधवेला शिक्षण आणि निवारा द्या म्हणत होते. मुलगा त्याच्या पुढे गेला. बाईचं शरीर बाईचं आहे, मूल कधी व्हावं हे तिने ठरवावं, आणि कामसुखावर पुरुषाइतकाच तिचाही हक्क आहे, असं तो म्हणू लागला. वडिलांचं म्हणणं समाजाने हळूहळू का होईना पचवलं. मुलाचं मात्र घशातच अडकलं!

पॅरिस, दवाखाना आणि राजीनामा

पहिलं महायुद्ध संपल्यावर र. धों. गणिताच्या पुढच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. फ्रेंच उत्तम शिकले. गणिताची पदवी घेतलीच, पण युरोपात लोक संततिनियमनावर, गुप्तरोगांवर उघडपणे पुस्तकं छापतात, भाषणं करतात, हेही पाहून आले.

परत आल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलंच केंद्र. योगायोग बघा, लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपला दवाखाना काढला तो याच वर्षी. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. लंडनच्या बाईंच्या मागे पैसे आणि माणसं होती. इथे एक मास्तर आणि त्यांची बायको, एवढंच.

बायकोचं नाव मालतीबाई. माहेरच्या गंगू गोखले. त्यांच्याबद्दल वेगळा लेख लिहायला हवा. नवऱ्याच्या कामात बरोबरीने उभ्या राहिल्या, स्वतः नोकरी करून घर चालवलं. दोघांनी विचार करून स्वतःला मूल होऊ दिलं नाही. जे लोकांना सांगायचं ते आधी आपल्या घरात, हा त्यांचा नियम. मूल नसलेल्या बाईला त्या काळात काय ऐकावं लागत असेल याची कल्पना आपल्या गावाकडच्या कोणालाही येईल. रधोंचं कौतुक करताना ही किंमत मालतीबाईंनी मोजली हे विसरून चालणार नाही.

१९२३ मध्ये संततिनियमनावरचं त्यांचं पुस्तक आलं. तेव्हा ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. कॉलेज मिशनऱ्यांचं. हा प्रचार थांबवा किंवा नोकरी सोडा, असा पेच त्यांच्यापुढे आला. त्यांनी नोकरी सोडली. मी स्वतः मिशनरी शाळेत शिकलोय, म्हणून हे वाचताना मला जरा विचित्र वाटलं. पण नुसतं मिशनऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण पुढे त्यांना कोर्टात खेचणारे आपलेच सनातनी लोक होते. आणि संयम सोडून दुसरं साधन नको म्हणणारे गांधीजीही होते. या एका विषयावर सगळ्यांचं एकमत होतं!

आपण हॉस्टेलवाले प्लेसमेंटसाठी किती धडपडतो? पक्की प्रोफेसरकी हातातून सोडणं म्हणजे काय हे आपल्याला चांगलं कळायला हवं.

समाजस्वास्थ्य

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक सुरू केलं. पुढची सव्वीस वर्षं, मरेपर्यंत, ते चालवलं. लेख लिहिणं, प्रुफं तपासणं, हिशोब ठेवणं, सगळं बहुतेक एकट्याने. वर्गणीदार कमी, जाहिराती कमी, आणि तोटा कायमचा. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. नग्नता म्हणजे घाण नव्हे, हे लोकांच्या डोळ्यांना सवयीचं व्हावं म्हणून.

मासिकात संततिनियमन होतं, गुप्तरोग होते, आहारशास्त्र होतं, देवाधर्मावर टीका होती. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वाचकांच्या प्रश्नांचं सदर. लोक पत्र लिहून विचारायचे आणि रधों उत्तरं द्यायचे. जे प्रश्न आईवडिलांना, भावाला, डॉक्टरलासुद्धा विचारता येत नव्हते, ते एका अनोळखी प्रोफेसरला विचारता येत होते. उत्तर शास्त्राला धरून असायचं, थोडक्यात असायचं, आणि उपदेश नसायचा. गणिताच्या मास्तराने फळ्यावर स्टेप लिहाव्यात तसं. वीर्य गेलं म्हणजे शक्ती गेली, ही समजूत तेव्हाही होती, आजही आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये आहे. अशा भीतीला त्यांनी शास्त्राच्या बाजूने उत्तर दिलं.

तेव्हा आपलं हिंगोली परभणी जिल्ह्यात आणि निजामाच्या राज्यात होतं. इंग्रजी कायदा मुंबईला, निजामाचा कायदा आपल्याकडे. पण अज्ञानाला संस्थानाची सरहद्द नव्हती.

कोर्ट

१९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावर लिहिलेल्या एका लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला. शंभर रुपये दंड झाला. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. माणूस गप्प बसेल असं वाटलं असेल. बसला नाही.

१९३४ मध्ये पुन्हा अटक. या वेळी कारण होतं तेच प्रश्नोत्तरांचं सदर. हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवर वाचकांनी विचारलं होतं आणि यांनी उत्तर दिलं होतं. या खटल्यात त्यांचे वकील होते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. होय, आपले बाबासाहेब! गोलमेज परिषदा, पुणे करार असं सगळं नुकतंच होऊन गेलेलं, आणि हा माणूस एका छोट्या मासिकाच्या संपादकासाठी कोर्टात उभा राहिला. केस घेतल्याने लोकप्रियता वाढणार नव्हती, उलट विरोधकांच्या हातात कोलीतच मिळणार होतं.

त्यांच्या बचावाचा मुद्दा सरळ होता. एखादा मजकूर कामविषयक आहे एवढ्यानेच तो अश्लील ठरत नाही. वाचकाला खरी अडचण आहे, तो विचारतोय, आणि त्याला जाणकार माणूस ज्ञान म्हणून उत्तर देतोय. यात गुन्हा कुठला? आपल्याला आज हे साधं वाटतं. कोर्टाला पटलं नाही. दोनशे रुपये दंड झाला. केस हरले, पण मुद्दा हरला असं मला वाटत नाही. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, त्यामागेही बाबासाहेबच होते. तोही नामंजूर झाला. पुढे स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रमच केला!

रधों ते पाहायला होते, पण जेमतेम. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले. नोव्हेंबर १९५३ चा अंक निघाला आणि 'समाजस्वास्थ्य' थांबलं. मोठी अंत्ययात्रा नाही, पुतळा नाही. वडील महर्षी कर्वे तेव्हा हयात होते, शंभरीच्या जवळ आलेले. त्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. मुलाला मात्र ओळख मिळायला खूप वेळ लागला. य. दि. फडके, अनंत देशमुख यांनी त्यांच्यावर लिहिलं, अमोल पालेकरांनी 'ध्यासपर्व' सिनेमा काढला, अतुल पेठेंनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं नाटक केलं.

रधोंकडे नसलेलं उत्तर

चरित्र इथे संपतं. पण मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे, आणि हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. भिंतीवरच्या जाहिरातींत सगळ्यात मोठ्या अक्षरांत जे असतं ते म्हणजे नपुंसकत्व. डॉक्टर आता याला इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणतात, म्हणजे संबंधापुरता ताठरपणा न येणं किंवा न टिकणं. रधोंच्या काळात या तक्रारीला शास्त्राकडे काय उत्तर होतं?

जवळजवळ काहीच नाही. व्हिएन्नात श्टाइनाख नावाचे शास्त्रज्ञ वीर्यवाहिनी बांधली की तारुण्य परत येतं असं सांगत होते. पॅरिसमध्ये व्होरोनॉफ नावाचे सर्जन माकडाच्या वृषणाचे काप माणसात बसवत होते, आणि श्रीमंत लोक त्यासाठी रांगा लावत होते. दोन्ही शेवटी फोल ठरलं. म्हणजे फसवून घेणं ही काही फक्त खेड्यातल्या माणसाची मक्तेदारी नाही. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत बनलं. १९३६ मध्ये बोगोराझ या रशियन सर्जनने बरगडीची कूर्चा वापरून लिंगाला आधार द्यायचा प्रयोग केला. कूर्चा शरीरात विरघळून जायची, पण एक कल्पना जगाला मिळाली. आतून आधार देता येतो. म्हणजे प्रश्न फक्त औषधाचा नाही, स्ट्रक्चरचाही आहे!

आणि इथे मेकॅनिकल आलं

आपण फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्या युनिटला पास्कलचा नियम शिकतो. बंद द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. निसर्गाने हाच नियम वापरलाय. लिंगात स्पंजसारख्या दोन नळ्या असतात. मेंदूकडून इशारा आला की नायट्रिक ऑक्साइड सुटतं, स्नायू सैल होतात, रक्त आत भरतं, आणि फुगलेल्या नळ्या बाहेर जाणाऱ्या शिरांना दाबून धरतात. म्हणजे इनलेट उघडा आणि आउटलेट बंद. मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि नसा खराब झाल्या, सिगारेटने वाहिन्या आकसल्या, प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये नस दुखावली, की ही यंत्रणा बिघडते. कधी कधी तर यंत्रणा ठीक असते आणि बिघाड फक्त भीतीचा असतो. आपल्या वयात बहुतेक वेळा तोच असतो.

१९७३ मध्ये अमेरिकेत ब्रँटली स्कॉट हे युरॉलॉजिस्ट, ब्रॅडली हे न्यूरॉलॉजिस्ट आणि टिम हे इंजिनिअर, या तिघांनी फुगवता येणारा इम्प्लांट जगापुढे आणला. लक्षात घ्या, टीममध्ये एक इंजिनिअर होता. रचना अशी. लिंगातल्या दोन नळ्यांत सिलिकॉनसारख्या पदार्थाचे दोन सिलिंडर, पोटात सलाइनची छोटी टाकी, आणि अंडकोषाच्या पिशवीत एक पंप. पंप दाबला की सलाइन टाकीतून सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्ह सोडला की परत टाकीत. बाहेरून काही दिसत नाही. सुरुवातीला फुगवायचा पंप वेगळा आणि रिकामा करायचा वेगळा होता, मग दोन्ही कामं एकाच पंपात आली. पुढची सगळी वर्षं आपल्या डिझाइनच्या तासाला चालते तशीच लढाई चालली. नळी वाकून ब्लॉक होते, जॉइंट लीक होतो, पदार्थ घर्षणाने झिजतो. एकेक करून त्यावर उपाय निघाले. २००० नंतर इम्प्लांटवर अँटिबायोटिकचा थर देणं सुरू झालं आणि जंतुसंसर्गही बराच कमी झाला. आता बहुतेक इम्प्लांट दहा वर्षांनंतरही चालू असतात.

दुसरा प्रकार साधा. न फुगणारी, वाकवता येणारी कांडी. स्वस्त आणि बिघाड कमी. इथे आपल्या महाराष्ट्राचं नाव येतं. मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट डॉ. रुपिन शहा यांनी भारतीय रुग्णाला परवडेल असा इम्प्लांट तयार केला, तो 'शहा इम्प्लांट' म्हणूनच ओळखला जातो. परदेशी फुगणाऱ्या इम्प्लांटला काही लाख रुपये लागतात, त्यामुळे हे काम किती मोलाचं आहे ते सांगायला नको.

आता पुढचं पाऊल. निटिनॉल हा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू आपण मटेरियल सायन्सला वाचलाय, आकार लक्षात ठेवणारा. अमेरिकेत विस्कॉन्सिनचे डॉ. ब्रायन ले आणि त्यांचे सहकारी त्याचा इम्प्लांट बनवायच्या मागे लागले. बाहेरून एक यंत्र जवळ धरायचं, इंडक्शनने धातू थोडा गरम होतो आणि आपला आकार घेतो. पंप नाही, टाकी नाही, लीक नाही. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१७ च्या सुमारास छापून आले. कल्पना झकास आहे, पण शरीरात धातू किती गरम करायचा, लाखो वेळा वाकल्यावर तो थकेल का, हे फटीगचे प्रश्न आपल्यासारख्यांनीच सोडवायचे आहेत.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. इम्प्लांट ही शेवटची पायरी आहे. तो बसवताना आतली स्पंजसारखी रचना बाजूला सारली जाते, त्यामुळे नंतर काढून टाकला तर पहिल्यासारखं होत नाही. त्याने इच्छा वाढत नाही, लांबी वाढत नाही. आधी शुगर आणि बीपी तपासायचं, सिगारेट सोडायची, मन मोकळं करायचं, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या, इंजेक्शन, व्हॅक्यूमचं उपकरण, आणि हे सगळं हरलं तरच ऑपरेशन. इंजेक्शनवरून आठवलं. १९८३ मध्ये लास व्हेगासच्या डॉक्टरांच्या परिषदेत ब्रिंडली नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्वतःला इंजेक्शन घेऊन त्याचा परिणाम भर सभेत दाखवला होता! लोक हबकले, पण इंजेक्शन काम करतं याबद्दल कोणाला शंका उरली नाही. रधों असते तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

हे सगळं कशासाठी

माझ्या नात्यातले एक काका आहेत. कळमनुरी तालुक्यात शेती. चाळिशी ओलांडल्यावर त्यांना हा त्रास सुरू झाला. कोणाला सांगणार? भिंतीवरचा नंबर फिरवला. तीन वर्षं पुड्या, भस्म, तेल. एका वर्षीच्या हळदीचे पैसे त्यातच गेले, घरी सांगितलं की भाव पडला. काकू गप्प. तिला वाटायचं की आता आपण आवडत नाही. शेवटी पायाची जखम भरेना म्हणून दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर चारशेच्या घरात निघाली. डॉक्टरांनी सगळं विचारलं आणि कपाळाला हात लावला. तो त्रास ही मधुमेहाची पहिली घंटा होती. तीन वर्षं घंटा वाजत होती आणि काका ती पुड्यांनी झाकत होते. पायाचं एक बोट गेलं. काकांनी नंतर हे सगळं मला सांगितलं, कारण मी शिकलेला. इतरांना कळू दे, फक्त माझं नाव नको, असं त्यांनीच बजावलं.

हे एका काकांचं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका मोठ्या पाहणीत (निष्कर्ष १९९४ मध्ये आले) चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्के जणांना कमी-जास्त प्रमाणात ही तक्रार असल्याचं दिसलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा या वाहिन्या बारीक असतात, म्हणून चोंदायला लागल्या की आधी इथे कळतं. हार्ट अटॅकच्या काही वर्षं आधीसुद्धा! आणि पुड्यांमध्ये कधी कधी न सांगता खऱ्या गोळीचं औषध मिसळलेलं सापडतं. छातीदुखीसाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेलं तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं.

आता गंमत बघा. गंमत कसली, चीड येते. रधों गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९५४ मध्ये, औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा झाला. नपुंसकत्व बरं करण्याची जाहिरात करायला त्यात मनाई आहे. कायदा अजूनही आहे. आणि भिंतीही आहेत! खरी माहिती छापणाऱ्या प्रोफेसरला दोनदा दंड झाला. खोटी माहिती रंगवणाऱ्याची भिंत दर दिवाळीला नव्याने रंगते.

रधोंनी काय शोध लावला? काहीच नाही. त्यांच्या नावावर यंत्र नाही, औषध नाही, गणिताचं प्रमेयसुद्धा नाही. त्यांनी फक्त एक जागा तयार केली, जिथे माणूस न लाजता विचारू शकतो आणि त्याला खरं उत्तर मिळतं. इम्प्लांट बनवणारे इंजिनिअर फार मोठे, पण काकांसारखा माणूस त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तो भिंतीपाशीच थांबतो. हिंगोली ते हृदयरोगतज्ज्ञ हे अंतर एस.टी.ने कापता येतं. काका ते डॉक्टर हे अंतर कापायला कोणीतरी रधों लागतो.

म्हणून हॉस्टेलच्या मित्रांना एवढंच सांगणं आहे. सुट्टीत घरी गेलात की वडिलांची, काकांची शुगर तपासून घ्या, निमित्त काहीही काढा. सरकारी दवाखान्यात ती तपासता येते. स्वतःला काही शंका असेल तर मोबाइलवरच्या बाबांना न विचारता एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरला विचारा, ते हसत नाहीत. आणि आमच्या सरांना, मॅडमना एक नम्र विनंती. दरवर्षी गॅदरिंगला पाहुणे येतात, करिअरवर बोलतात. एका वर्षी एखाद्या डॉक्टरांना बोलवा, आणि चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न विचारायची सोय ठेवा. 'समाजस्वास्थ्य' चं सदर असंच चालायचं. चिठ्ठ्यांचा डबा मी स्वतः करून देतो, वर्कशॉपमध्ये पत्रा पडलेलाच आहे.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल